सरकता काठ

पुणे जिल्ह्याला समुद्र नाही. 'किनारा' हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्यावर बहुतेकांची गाडी अलिबाग-मुरुडकडे वळली असती. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, सह्याद्रीच्या कुशीत, पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहिलेली माणसं आज किनाऱ्यावर राहतात. त्यांच्या समोरचं पाणी गोडं आहे. त्याला भरती-ओहोटी वर्षातून एकदाच येते. भरती पाऊस आणतो. ओहोटी मात्र पाटबंधारे खात्याच्या कागदावर ठरते.

कुकडी प्रकल्पाची ही धरणं. कुकडी नदीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवर डिंभे. यातलं डिंभे सर्वांत मोठं, साधारण साडेतेरा टीएमसीचं. घोडेगाव सोडून पश्चिमेला निघालं की काही वेळातच भिंत दिसते, आणि भिंतीमागे डोंगरांच्या खोबणीखोबणीत शिरलेलं पाणी. जलाशयाचं अधिकृत नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, पोटासाठी मुंबईला गेलेले गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 ला परदेशी कापड नेणाऱ्या लॉरीपुढे आडवे झाले आणि तिच्याखाली गेले. जलाशयाच्या नावातला 'सागर' कुणाला फुगवून सांगितल्यासारखा वाटेल. सप्टेंबरात धरण काठोकाठ असताना आहुप्याच्या रस्त्याने एकदा जाऊन यावं, मग वाटणार नाही.

तालुक्याला नाव देऊन बुडालेलं गाव

आंबेगाव तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तालुक्याला नाव देणारं आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली आहे. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. इथल्या शाळकरी पोरांना त्यात काही विशेष वाटत नाही. वडिलांचं गाव कुठलं, तर पाण्यातलं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. दगडी जोती, भिंतींचे उरलेले अवशेष, वाटा. मग म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन तिथे जातात आणि कुणाचं घर कुठे होतं, विहीर कुठे, चावडी कुठे, ते हाताने दाखवत फिरतात. पोरं मोबाइलवर फोटो काढतात.

धरणग्रस्तांना लाभक्षेत्रात पर्यायी जमिनी देण्याचं धोरण होतं. काही कुटुंबं तिकडे गेली, स्थिरावली, ऊस-कांद्याची झाली. पण घाटमाथ्याकडच्या अनेक आदिवासी कुटुंबांची मुळं इथून सुटली नाहीत. नदीकाठची सपाट, कसदार भातखाचरं गेली तेव्हा ती पाण्याच्या वर सरकली. पूर्वी जिथे गुरं चारत आणि सरपण आणत, तिथे घरं उभी राहिली. घरासमोर नदीऐवजी धरण आलं.

हे लोक प्रामुख्याने महादेव कोळी, आणि त्यांच्या जोडीला कातकरी, ठाकर. कोळी म्हटलं की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे होडी आणि पापलेट येतं. महादेव कोळी मुळातले डोंगरशेतीवाले. भात, नाचणी, वरई पिकवणारे. पावसाळ्याच्या तोंडाला चढणीचे मासे धरणं, ओढ्यात खेकडी पकडणं, एवढाच त्यांचा माशांशी संबंध. खोल पाण्यात जाळं टाकायची वेळ धरणाने आणली.

पाणी उतरतं, पेरा होतो

दिवाळी सरली की पाण्याची कड दिसामाशी खाली जाऊ लागते. मागे राहतो तो ओला, काळपट, पाय टाकला की घोट्यापर्यंत घेणारा गाळ. इथूनच काठावरच्या घरांचं दुसरं वर्ष सुरू होतं. त्याला म्हणतात गाळपेर.

गाळपेरीची गंमत अशी की शेत दरवर्षी नव्याने जन्मतं आणि दरवर्षी बुडतं. पाणी हटलेल्या पट्ट्यात ओल टिकून असेपर्यंत बी पडलं पाहिजे. चार दिवस घाई केली तर नांगर रुततो. चार दिवस उशीर झाला तर वरचा थर तडकतो आणि बी रुजत नाही. त्यामुळे घरातलं कुणीतरी रोज सकाळी खाली जाऊन टाचेने जमीन दाबून बघतं. टाच किती रुतली यावर त्या दिवशी बैल सोडायचे की नाही हे ठरतं. हरभरा, मसूर, गहू, वाटाणा हे ओलीवर येणारं पीक. ज्यांच्याकडे इंजिन आणि पाइप आहेत ते थोडी भाजीही लावतात. मात्र पाणी जसजसं मागे हटतं तसतसा पाइप वाढवावा लागतो. एक पाइप जोडला, की पंधरवड्याने दुसरा. ज्याचे पाइप संपले त्याचं पीक देवाच्या हवाली.

ही जमीन कागदोपत्री सरकारची. एकेकाळी ज्यांची होती त्यांनाच ती आता हंगामापुरती भाडेपट्ट्याने मागावी लागते. धरणग्रस्तांना त्यात अग्रक्रम द्यावा असा नियम आहे, पण अर्ज, मोजणी, परवानगी या फेऱ्यांत ओल काही थांबून राहत नाही. गाळावर बी टाकून मोकळा झालेला शेतकरी कागदाच्या दृष्टीने अतिक्रमण करणारा ठरू शकतो. आपल्याच आजोबाच्या बांधावर अतिक्रमण! सरकारी भाषेला विनोदाचं अंग नसतं, म्हणून हे कुणाला खटकत नाही एवढंच.

वरच्या उतारावरची शेती ही निराळी कहाणी. तिथे पडकई करतात. दगड-मातीचे बांध घालून उताराच्या पायऱ्या करायच्या आणि त्या पायऱ्यांवर भाताची खाचरं तयार करायची. एकट्या कुटुंबाचं हे काम नव्हे. पाच-दहा घरं एकत्र येतात, आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या, असं आळीपाळीने काम उरकतात. मजुरी पैशात नसते, कामाची फेड कामाने. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी उभ्या केलेल्या 'शाश्वत' संस्थेने या जुन्या रिवाजाला रोजगार हमीच्या चौकटीत बसवण्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला. आपल्याच शेतात बांध घालून मजुरीही मिळाली, तर माणसाला पोटासाठी बाहेर जावं लागत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

ट्यूबवरची माणसं

संध्याकाळी ऊन कलतं तसे काठावर काळे गोल दिसू लागतात. ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या ट्यूबा. कातकऱ्याची होडी ती हीच. ट्यूबेवर बसायचं, दोन्ही हातांत फळीचे तुकडे घेऊन वल्हवायचं आणि मांडीवर ठेवलेलं जाळं हळूहळू पाण्यात सोडत जायचं. वाऱ्याचा रोख, पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं, जुन्या भिंती हे सगळं डोक्यात असावं लागतं. नाहीतर जाळं अडकून फाटतं, आणि एक जाळं फाटणं म्हणजे आठवड्याच्या कमाईला भोक. जुनं गाव कुठे होतं याचा नकाशा आता मासेमाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. भिंतींच्या आडोशाला मासा असतो.

पहाटे जाळं ओढायचं. कटला, रोहू, मृगळ हे सोडलेल्या बीजाचे मासे. चिलापी आपसूक वाढलेली, नको इतकी. जाळ्यातून मासा सोडवताना त्याचे कल्ले धाग्यात अडकलेले असतात. ओढला तर धागा तुटतो. म्हणून तो आल्या बाजूने परत ढकलून मग काढायचा. हे काम बहुतेकदा बायकांचं. काठावर उकिडवं बसून, एका हाताने जाळं ताणून धरत, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी. शेजारी पोरगं छोटी चिलापी पातेल्यात टाकत असतं. ती विकायची नसते, घरच्या रश्श्याची. मोठा मासा बर्फाच्या थर्माकोलच्या पेटीत जातो आणि व्यापाऱ्याच्या गाडीतून घोडेगाव-मंचरच्या बाजूला.

सुरुवातीला या पाण्यातल्या मासेमारीवर काठावरच्या माणसांचा हक्क गृहीत नव्हता. जलाशयांचे ठेके दिले जातात, आणि ठेका म्हटला की भांडवल आलं, भांडवलवाला आला. 'शाश्वत'च्या मदतीने इथल्या आदिवासींनी मच्छीमार सहकारी सोसायटी उभी केली आणि ते बीज सोडायला, जाळी घ्यायला, मासा एकत्र विकायला शिकले. 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार 'शाश्वत'ला मिळाला. जगभरातून निवडलेल्या मोजक्या संस्थांत डिंभ्याच्या काठचं काम होतं. धरणाने ज्यांचं घेतलं त्यांनी त्याच धरणातून काही परत मिळवलं, याचं हे दुर्मीळ उदाहरण. त्याचा जितका गाजावाजा व्हायला हवा होता तितका महाराष्ट्रात झाला नाही.

खरा समुद्र किती लांब?

वाटतो तितका लांब नाही. आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली मुरबाडचा मुलूख दिसतो, आणि घाटवाटेने उतरलं की कोकण. मीठ आणि सुकी मासळी डोक्यावरून आणायची वाट ती हीच. आजही मृगाच्या आधी इथल्या आठवडे बाजारात सुकट, बोंबील, वाकट, खारा बांगडा यांचे ढीग लागतात. पावसाळ्याची बेगमी करताना घरची बाई आधी मीठ-मिरची बघते आणि मग बोंबलाचा भाव विचारते. आवणीच्या दिवसांत चिखलातून भिजून आलं की चुलीवर भाजलेला बोंबील आणि तांदळाची भाकरी, याहून चांगलं जेवण इथे कुणी मानत नाही. दारात ताज्या माशांचं धरण असलं तरीही.

जुन्नरचं समुद्राशी नातं तर दोन हजार वर्षांचं. सोपारा, कल्याण या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटाने वर येई आणि जुन्नरला पोचे. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही. पण किनाऱ्याच्या संदर्भात जास्त लक्षात राहतो तो जुन्नरच्या लेण्यांतला एक छोटा लेख. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने, पाण्याच्या दोन टाक्या दान दिल्याचं तो सांगतो. परक्या मुलखात येऊन दान काय द्यावं, तर प्यायच्या पाण्याची सोय. त्याने या डोंगरांचा उन्हाळा पाहिला असणार.

पुढे समुद्राकडे जाण्याची दिशा उलटली आणि माल नव्हे, माणसं खाली उतरू लागली. मुंबईचे डबेवाले मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले याच पट्ट्यातले. गोदीत, गिरणीत, भाजीबाजारात हमाली करणारेही इथलेच. त्यामुळे काठावरच्या कुठल्याही घरात एक तरी माणूस असा सापडतो ज्याला भाऊच्या धक्क्याचा वास पाठ आहे. जत्रेला ही सगळी माणसं गावी परततात. आळेफाट्यावर त्या दिवसांत मुंबईच्या गाड्यांतून उतरणाऱ्या पिशव्या बघाव्यात: वर सुरतचं फरसाण, खाली करदीचं पुडकं.

समुद्र स्वतःही एकदा वर आला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा वारा सह्याद्री ओलांडून जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात घुसला. घरांचे पत्रे उडाले ते बसवता आले. हिरड्याची झाडं मोडली ती परत कशी उभी करणार? बाळहिरडा हा या पट्ट्यातला रोख पैसा. एप्रिल-मे महिन्यांत, आठळी कडक होण्याआधी, कोवळी हिरवी फळं झोडून, वेचून आणायची आणि खडकावर पसरायची. उन्हात ती सुरकुततात, काळी होतात आणि वजनाला निम्म्याहून हलकी. मिळालेल्या पैशांतून बियाणं, पोरांची वह्यापुस्तकं, लग्नातली उधारी. झाडं मोठी व्हायला वर्षं लागतात; भरपाईसाठीही हिरडा गोळा करणाऱ्यांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, कारण फळबागेच्या नुकसानीचे निकष होते, जंगलातल्या झाडाचे नव्हते.

एसटी, आश्रमशाळा, वाघबारस

काठावरच्या घरात घड्याळाचं काम एसटी करते. मुक्कामी गाडी सकाळी निघाली की दवाखाना, तहसील, बाजार या सगळ्यांची माणसं त्यातून जातात आणि संध्याकाळच्या फेरीने परततात. धरणाच्या खोबणीतून रस्ता असा वळत जातो की समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला बराच वेळ लागतो. हाक ऐकू येते, माणूस येत नाही.

30 जुलै 2014 च्या सकाळी याच भागात माळीण गाव दरडीखाली गेलं. ते कळलं एसटीच्या चालकामुळे: रोजच्या रस्त्याने तो गाडी घेऊन आला आणि गाव जागेवर दिसलं नाही. दीडशेहून अधिक माणसं गेली. आमडे इथे नवं माळीण वसवलं गेलं, एप्रिल 2017 मध्ये घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची तेव्हा बरीच चर्चा झाली. हाताने, दगड रचून केलेल्या पडकईला आणि यंत्राने खरवडलेल्या उताराला एकाच मापाने मोजणं चूक आहे, असं जाणकार तेव्हाही सांगत होते. त्या सकाळनंतर या पट्ट्यात रात्रभर पाऊस लागला की घरातलं कुणीतरी जागं राहतं.

मुलं मात्र बहुतेक वर्ष घरी नसतात. घोडेगावात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि पट्ट्यात शासकीय आश्रमशाळा. पहिलीपासून पोरगं तिथे राहिलं की घर भरतं ते दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच. दिवाळी इथे भातकापणीच्या ऐन घाईत येते. आलेल्या पोरांच्या हातात पहिल्याच दिवशी विळा पडतो, तरी ती खुशीत असतात, कारण कापणीनंतर पाण्यात डुंबायला मोकळीक असते. धरण तेव्हा भरलेलं असतं.

दिवाळीची खरी सुरुवात वाघबारशीने. अश्विन वद्य द्वादशीला बाकीचा महाराष्ट्र गाय-वासराची पूजा करतो. इथे त्याच दिवशी वाघोबाला नैवेद्य जातो, गुराढोरांना धक्का लावू नकोस म्हणून. यात एक उपरोध लपला आहे. जुन्नर वनविभागातले बिबटे आज डोंगरापेक्षा पूर्वेच्या उसात जास्त, आणि तो ऊस उभा आहे तो याच धरणांच्या कालव्यांवर. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं. पाणी खाली गेलं, ऊस वाढला, बिबट्या त्यात व्याला. नैवेद्य मात्र अजून वरच दाखवला जातो.

खिरेश्वरचं ताट

पुष्पावतीच्या काठावर, पिंपळगाव जोगे धरणाच्या मागच्या बाजूला, किनाऱ्याचा थोडा निराळा उपयोग सापडला आहे. खुबी फाट्यावरून धरणाच्या भिंतीवरून जाणारा रस्ता खिरेश्वरला पोचतो. तिथे जुनं नागेश्वराचं मंदिर आहे आणि हरिश्चंद्रगडाची चढाई सुरू होते. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याचे ट्रेकर उतरतात. ओसरीवर पथारी, पिठलं-भाकरी, सकाळी पोहे-चहा. घरची पोरं वाटाड्या होतात. हिवाळ्यात पाण्यावर रोहित पक्षी उतरले की कॅमेरेवाले वेगळे. एका घराच्या वर्षाच्या मीठ-मिरचीची सोय यातून होते, चार घरांची होत नाही. डिंभ्याच्या काठी असं फारसं काही नाही, आणि प्रत्येक काठाचं रिसॉर्ट व्हावं अशी इच्छा करण्याचंही कारण नाही.

आवर्तन सुटतं

फेब्रुवारीनंतर काठावर एकच विषय असतो: आवर्तन, म्हणजे धरणातून कालव्याला सोडायचं पाणी, कधी सुटणार? कुकडी प्रकल्पाचं पाणी जुन्नर-आंबेगावपुरतं थांबत नाही. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा इथपर्यंतची शेतं त्याची वाट बघत असतात. डिंभ्याचा डावा कालवा पाणी येडगावला नेतो आणि तिथून ते पुढे पूर्वेकडे जातं. डिंभे आणि माणिकडोह बोगद्याने जोडण्याच्या प्रस्तावावरून तर दोन तालुक्यांत आणि दोन जिल्ह्यांत चांगलीच जुंपलेली आहे. पूर्वेच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाही. तिकडे पाऊस कमी, आणि धरण बांधलंच होतं त्याच्यासाठी.

पण आवर्तनाच्या प्रत्येक दिवशी इकडे किनारा काही पावलं खाली जातो. एप्रिलमध्ये हंडा घेऊन उतरणाऱ्या बाईला आधी उतार, मग भेगाळलेला गाळ, मग रुतणारा चिखल, आणि मग पाणी. भरून परत वर. दुपारी पाण्यावर गेलेलं जनावर चिखलात रुतलं तर दोरखंड लावून माणसं ओढून काढतात. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावं लागतं, हे पूर्वेच्या पाहुण्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. घरातली तरणी माणसं तोवर नारायणगावला गेलेली असतात. तिथल्या सकाळच्या मजूर बाजारात उभं राहायचं, बागायतदाराने जीपमध्ये बसवलं की टोमॅटोच्या नाहीतर कांद्याच्या रानात दिवस काढायचा. ते रान भिजतं ते बऱ्याचदा त्यांच्याच घराखालून गेलेल्या पाण्याने.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उभ्या पिकांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. त्याच बैठकीत तीन गोष्टींचा निर्णय झाला तर काठावरच्या घरांचं वर्ष सुधारेल आणि पूर्वेचं काहीही बिघडणार नाही. आवर्तनाची तारीख गाळपेर करणाऱ्या गावांना आधी कळावी. गाळपेरीची परवानगी पाणी हटण्याच्या आधी हातात पडावी. आणि वरच्या वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्याची उपसा योजना धरणाच्या तळाच्या पातळीपर्यंत पाणी मिळेल अशी आखावी. साडेतेरा टीएमसीतून यासाठी लागणारं पाणी इतकं थोडं आहे की ते कुठल्याही तालुक्याच्या वाट्यातून कापावं लागणार नाही.